बदकांच्या शिकारीची सहल आणि अडचणीसाठी ठेवलेले पैसे

प्रश्न थोडक्यात असा: वय 36, अमेरिकेत आर्कान्सॉमधल्या बेंटनव्हिलला एच-1बी व्हिसावर नोकरी. पत्नी एच-4वर (एच-1बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा), तिला कामाची परवानगी नाही. मुलगी पाच वर्षांची. घरखर्च महिना 4,800 डॉलर, अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले 9,000, आणि साताऱ्याच्या फ्लॅटचा हप्ता भरून महिन्याला साधारण 600 उरतात. डिसेंबरमध्ये मॅनेजर आणि दोन सहकारी आर्कान्सॉमधल्याच स्टटगार्टला गाइडबरोबर बदकांच्या शिकारीला जाणार आहेत. तीन दिवस राहणं-जेवणासह माणशी 1,950 डॉलर, निम्मे 31 जुलैपूर्वी. बंदूक, वेडर्स (पाण्यात उभं राहायची बुटांसकट जलरोधक पँट), जॅकेट वगैरे घ्यायला आणखी 1,900. पैसे बाजूला ठेवलेल्या रकमेतून काढू, कार्डावर टाकू की दोन महिने हप्ता थांबवू?

तिन्ही नको. पण सहलीला नक्की जा. तुमच्या पत्रातून उत्सुकता जाणवते, आणि ही हौस परवडण्यासारखी आहे, फक्त तुम्ही मांडलेल्या हिशेबाने नाही.

आधी त्या 9,000 बद्दल. एच-1बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. दोन महिन्यांचा खर्चच 9,600 होतो. शिवाय घरभाड्याचा करार मोडण्याचा दंड आणि तिघांची विमानाची तिकिटं. म्हणजे तुमची शिल्लक आजच अपुरी आहे. सहलीचा खरा खर्च मी मांडला: गाइडचे 1,950, सामानाचे 1,900, गाइडला द्यायची टिप (पंधरा ते वीस टक्के देण्याची तिथे पद्धत आहे, ती तुम्ही धरलेलीच नाही), काडतुसं, परवाने, पेट्रोल. साधारण 4,400 होतात. ते काढले की एका महिन्याचा घरखर्चही उरत नाही. घरात कमावणारे तुम्ही एकटे आहात, म्हणून या पैशांना हात लावू नका असं मी आग्रहाने सांगतो.

कार्डावर बहुतेक ठिकाणी वर्षाला 20 टक्क्यांच्या वर व्याज लागतं. हप्ता थांबवला तर दंड लागेल आणि पत खराब होईल, आणि बँकेचा फोन साताऱ्याला आई-वडिलांना जाईल तो वेगळाच.

आता सामान. खर्च खरा वाढतो तो इथे, आणि तुमच्या बाबतीत इथे पैशापलीकडची एक गोष्ट आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद मिळतो. म्हणून क्रम चुकवू नका: राज्याच्या गेम अँड फिश कमिशनचा (शिकार-मासेमारी खात्याचा) मोफत हंटर एज्युकेशन वर्ग (1969 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागतोच), मग परवाना, आणि मगच रेंजवर मातीच्या तबकड्यांवर सराव. सहकाऱ्याची बंदूक नुसती हातात घेऊन बघण्यासाठीसुद्धा आधी परवाना हवा. स्वतःची बंदूक विकत घेणं या वर्षी पूर्ण टाळा. परवाना संपल्यावर ती घरात राहिली तर प्रश्न तुमच्या व्हिसावर येईल. पुढे कधी घ्यावीशी वाटली तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

बंदूक आणि वेडर्स लॉजकडून भाड्याने किंवा सहकाऱ्याकडून मागून घ्या. पडलेली बदकं आणणारा कुत्रा आणि डिकॉय (बदकांना भुलवायची नकली बदकं) गाइडचेच असतात. काडतुसं स्टीलच्या छऱ्यांची घ्या. पाणपक्ष्यांसाठी शिसं 1991 पासून देशभर बंद आहे, आणि बिस्मथ या धातूच्या महाग छऱ्यांची नवशिक्याला गरज नाही. परवान्याबरोबर राज्याचा वॉटरफाउल स्टँप (पाणपक्ष्यांच्या शिकारीची जादा परवानगी) आणि 25 डॉलरचा फेडरल डक स्टँप लागेल. हा स्टँप 1934 पासून चालू आहे, आणि त्याच्या प्रत्येक डॉलरमधले 98 सेंट पाणथळ जागा राखण्यासाठी जातात. तुमच्या सगळ्या यादीतला हा मला सर्वांत आवडलेला खर्च.

तीनऐवजी दोन दिवस जा. पहिल्यांदा जाणाऱ्याला दोन थंड पहाटा पुरतात. दिवसाला माणशी सहाच बदकं मारता येतात, त्यातही मॅलार्ड या जातीवर वेगळी मर्यादा आहे, आणि जास्त पैसे मोजल्याने ती वाढत नाही. शिवाय उत्तरेकडची तळी गोठली की मॅलार्ड मोठ्या संख्येने खाली आर्कान्सॉच्या भातशेतांवर आणि पाणी भरलेल्या रानांत उतरतात. डिसेंबर उबदार गेला तर आकाश रिकामं राहू शकतं. गाइड त्याचे पैसे परत देत नाही, प्रवास विमाही देत नाही.

दोन दिवसांचे 1,300, टिप 240, परवाने आणि स्टँप 100, काडतुसं आणि भाडं 150, साडेचार तासांच्या प्रवासातला तुमचा वाटा 60. एकूण 1,850. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उरणाऱ्या 600 मधले 370 एका वेगळ्या खात्यात टाका, की तेवढे जमतात. जून-जुलैच्या 740 मधून 650 ची आगाऊ रक्कम निघते. उरलेले 230 दर महिन्याला अडचणीच्या पैशांत टाका. डिसेंबरला तुम्ही जाल तेव्हा ती शिल्लक कमी होण्याऐवजी हजाराहून जास्त वाढलेली असेल.

मॅनेजरबरोबर तीन दिवस घालवल्याने बढतीला मदत होईल, असं तुम्ही लिहिलं आहे. होईलही, पण हिशेबात त्याची किंमत शून्य धरा. सोबत आवडते म्हणून गेलात तर तेवढं पुरेसं आहे, आणि तिसऱ्या दिवशी लवकर निघालात म्हणून कोणी तुम्हाला कमी लेखणार नाही.

पैसे भरण्याआधी गाइडकडून तीन गोष्टी लेखी घ्या: दोनच दिवसांचं बुकिंग चालेल का, व्हिसा किंवा नोकरीमुळे येता आलं नाही तर तुमची जागा दुसऱ्याला देता येईल का, आणि बंदूक-वेडर्स तुमच्या मापाचे मिळतील का. दुसऱ्या प्रश्नाला नकार आला तर ते 650 भरू नका, दुसरा गाइड शोधा.