आबांना आपण काय दिलं?

चिनू,

ब्रिटिश म्युझियममधून परतताना तू विचारलंस, "बाबा, इजिप्तवाल्यांनी त्यांच्या माणसाला नकाशासुद्धा दिला. आपण आबांना जाळून टाकलं आणि काहीच दिलं नाही?" मी "घरी बोलू" म्हणालो. 'जाळून टाकलं' फार लागलं रे. पण प्रश्न खरा आहे.

वैद्य गुआच्या शवपेटीपुढून माझाही पाय निघेना. जवळजवळ ४००० वर्षांपूर्वीची. तळाशी परलोकाच्या दोन वाटा रंगवलेल्या, एक पाण्याची, निळी. दुसरी जमिनीची, काळी. अशा पेट्यांवर बाहेरून डोळ्यांची जोडी काढत, आतल्या माणसाला उगवता सूर्य दिसावा म्हणून. आणि जेवण? 'हजार भाकरी, हजार घडे बिअर' असं लिहून ठेवायचे. लिहिलेलं, उच्चारलेलं त्याला पोचतं, ही श्रद्धा.

मला वाईचा घाट आठवला. मोठ्या आईचा, म्हणजे तुझ्या पणजीचा, दहावा. मी तुझ्याएवढा असेन. भाताचे पिंड, त्यावर काळे तीळ, आणि कावळे समोरच्या झाडावर नुसते बसलेले. ऊन चढलं तरी एकही शिवेना. बाळकाका एरवी कुणाशी धड बोलत नसत. ते हात जोडून पुढे झाले आणि म्हणाले, "आई, शकूचं लग्न मी करून देतो. तू काळजी करू नकोस." थोड्या वेळानं एक कावळा उतरला. शकूआत्या हमसून रडली.

त्याला भूक लागली होती, की मोठ्या आईनं ऐकलं? कावळ्यात कुणी येतं असं मला वाटत नाही. पण काकांनी जमिनीचा तुकडा विकून ते लग्न लावलं, हे मी पाहिलंय.

इजिप्तमध्येही पक्षी आहेच, माणसाच्या तोंडाचा 'बा'. तो थडग्याबाहेर जाऊन पुन्हा देहाकडे परततो, म्हणून देह जपायचा. आपण देह ठेवत नाही. द्यायचं ते मागे राहिलेल्यांनी, चारचौघांत बोलून.

आबांच्या दहाव्याला तू इथे शाळेत होतास. मी घाटावर म्हणालो, "आजीला एकटं ठेवणार नाही." म्हणून ती उन्हाळ्यात इथे येतेय, कायमची.

मी गेल्यावर तू काय करावंस, हे सांगायला मी हे लिहीत नाहीये. पितृपक्षात आत्या आबांचं पान वाढेल, खीर, वडे, गवार-भोपळा, आमसुलाची चटणी. व्हिडिओ कॉलवर यावंसं वाटलं तर ये.

बाबा