गाडी तापली की एकाच गिअरमध्ये का अडकते?

प्रश्न : माझी गाडी चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टर असलेली ऑटोमॅटिक असून नऊ वर्षांची आहे. पुण्याहून साताऱ्याला येताना पहिला तासभर काहीही जाणवत नाही. मात्र खंबाटकी घाट चढू लागले की गिअरचा दिवा लुकलुकतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये राहते. थांबून पुन्हा निघायचे म्हटले तर ती अक्षरशः रांगत निघते. किल्ली बंद करून दहा मिनिटांनी चालू केली की सारे सुरळीत होते. स्कॅनरवर पी ०७५३ हा कोड आला. गॅरेजमधून संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : गिअरबॉक्स बदलण्याचा निर्णय तूर्त थांबवावा. आपण दिलेली लक्षणे आणि कोडचा शेवटचा आकडा या दोन्ही गोष्टी विजेच्या बिघाडाकडे बोट दाखवत आहेत, आणि अशा बिघाडाची तपासणी गिअरबॉक्स न उतरवता करता येते.

आपला कोड सोलेनॉइडविषयी आहे. सोलेनॉइड म्हणजे तारेची गुंडाळी असलेली छोटी विद्युत-झडप. तिच्यातून प्रवाह गेला की व्हॉल्व्ह बॉडीमधला (गिअरबॉक्सच्या आतील, तेलाच्या वाटा व झडपा असलेल्या भागातला) तेलाचा मार्ग उघडतो किंवा बंद होतो आणि त्या दाबाने गिअर बदलतो. सोलेनॉइडच्या सर्किटमध्ये दोष आढळला की गिअरबॉक्सचा संगणक खबरदारी म्हणून वीजपुरवठा तोडतो, आणि मग केवळ तेलाचा दाब व स्प्रिंग यांच्या जोरावर जो गिअर लागतो तेवढाच उरतो. चार गिअरच्या अनेक गाड्यांत तो तिसरा असतो. रांगत निघण्याचे कारण हेच : मॅन्युअल गाडी घाटात तिसऱ्या गिअरवर उचलून पाहिली तर जो अनुभव येईल, तोच आपल्याला येतो आहे. किल्ली बंद-चालू केल्यावर संगणक तपासणी नव्याने करतो आणि तोवर गुंडाळी थोडी निवलेली असल्याने गाडी ‘बरी’ होते.

आता कोडविषयी. पी ०७५३ चा अर्थ ‘शिफ्ट सोलेनॉइड ए’च्या सर्किटमध्ये विद्युत दोष, एवढाच आहे, त्यात सोलेनॉइडबरोबर वायरिंग, कनेक्टर आणि संगणकही येतो. याउलट पी ०७५१ आला असता तर वीज ठीक, पण अपेक्षित गिअर लागत नाही, असा अर्थ झाला असता. तेव्हा अडकलेली झडप, खराब तेल, कमी दाब किंवा झिजलेले क्लच यांचा संशय घ्यावा लागतो आणि नुसते सोलेनॉइड बदलून अनेकदा पैसे वाया जातात. आकड्यातला हा फरक न पाहता थेट अंदाजपत्रक मांडले जाते, याचे मला नेहमी नवल वाटते.

तपासणी गार आणि गरम अशी दोनदा व्हायला हवी. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी गिअरबॉक्सवरचा कनेक्टर काढावा आणि वायरिंगच्या नकाशाप्रमाणे योग्य पिन व गिअरबॉक्सची बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. ऑन-ऑफ प्रकारच्या, म्हणजे फक्त उघडणाऱ्या किंवा बंद होणाऱ्या, सोलेनॉइडचा रोध (विजेला होणारा अडथळा) बऱ्याच गाड्यांत २० अंश सेल्सिअसला ११ ते १५ ओहम असतो. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा मात्र सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. नंतर घाट चढून, दिवा लागल्याबरोबर सुरक्षित जागी थांबून, एक्झॉस्टचे चटके सांभाळत तेच मोजमाप पुन्हा घ्यावे. तांब्याचा रोध दर दहा अंशांना सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे गार असताना १३ ओहम दाखवणारी गुंडाळी ९० अंशांना साडेसोळाच्या आसपास दाखवणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून ती बाद ठरवू नये. मीटर अनंत रोध दाखवू लागला तर गुंडाळी किंवा तेलात बुडालेली आतली वायर तुटत आहे, आणि आकडा एक-दोन ओहमवर कोसळला तर आत कुठेतरी शॉर्ट होत आहे, असे समजावे.

दोन्ही वेळा आकडे योग्य आले, तर दोष बाहेर आहे. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज आहे का, पावसाचे पाणी शिरले आहे का, हे पाहावे. मग हाच रोध संगणकाच्या टोकाकडून मोजत वायरिंग हाताने हलवून पाहावे.

एक सूचना आवर्जून : कोड आधी पुसू देऊ नका आणि बॅटरीही काढू नका. दोष नोंदला गेला त्या क्षणीचे तापमान आणि वेग बहुतेक गाड्यांत साठवलेले असतात, ते स्कॅनरवर वाचून घ्यावे. तसेच बॅटरीचे थेट १२ व्होल्ट देऊन ‘टक्’ आवाज ऐकण्याची चाचणी फक्त ऑन-ऑफ सोलेनॉइडवरच करावी. दाब नियंत्रित करणाऱ्या लिनिअर सोलेनॉइडचा रोध बराच कमी, काही गाड्यांत जेमतेम ५ ओहम असतो, आणि थेट बॅटरी जोडल्यास तो जळू शकतो.

सोलेनॉइडच सदोष निघाला, तर अनेक गिअरबॉक्समध्ये तेलाचा पॅन उतरवून तो बदलता येतो. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असेल तर चिंता नको; चकाकते तुकडे दिसले किंवा तेलाला जळका वास आला, तर मात्र गॅरेजचे म्हणणे नव्याने ऐकून घ्यावे लागेल.

प्रश्न : माझी गाडी एएमटी आहे. हीच तपासणी तिला लागू होते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. एएमटी म्हणजे मूळचा मॅन्युअल गिअरबॉक्स, ज्याचा क्लच आणि गिअर हे दोन्ही चालकाऐवजी ॲक्च्युएटर नावाची यंत्रणा हलवते. काही प्रकारांत सोलेनॉइड झडपा असतात, पण त्या ॲक्च्युएटरच्या हायड्रॉलिक युनिटमध्ये. तेथे युनिटमधील तेलाची पातळी, पंपाचा दाब आणि क्लचची झीज आधी पाहावी.