हार्ड बॉप जॅझमधला बेसवादक पॉल चेंबर्स कोण होता?

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं १९५९चं ‘सो व्हॉट’ लावा. छोट्या प्रस्तावनेनंतर मुख्य धून ट्रम्पेट नाही, डबल बेस (उभं धरून वाजवायचं, खर्जातलं मोठं तंतुवाद्य) वाजवतो. तो वाजवणारा हाच पॉल चेंबर्स, हार्ड बॉपमधला, म्हणजे ब्लूज-गॉस्पेलचा रंग असलेल्या १९५०च्या दशकातल्या जॅझ शैलीतला. जन्म १९३५चा, पिट्सबर्गमधला, वाढला डेट्रॉइटमध्ये. आधी ट्युबा (फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य) वाजवायचा. विसाव्या वर्षी माइल्सच्या बँडमध्ये शिरला आणि १९६३पर्यंत टिकला. एरवी जॅझमध्ये बेसवाल्याने मागे उभं राहून बोटांनी तारा छेडत लय सांभाळायची. हा गडी चक्क गज फिरवून सोलो घ्यायचा. (काहींना तो आवाज खरखरीत वाटतो, मला तोच आवडतो.) सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने ‘मिस्टर पी. सी.’ त्याच्याच नावाने बांधलं. पुढे दारू आणि हेरॉइनने पोखरला. जानेवारी १९६९मध्ये क्षयाने गेला, तेव्हा जेमतेम ३३ वर्षांचा होता.