निवडणुका घेतल्या की वांशिक यादवी थांबते की आणखी पेटते?

तुम्ही विचारलंय की ज्या देशात दोन समाजांमध्ये आधीच धुमसतंय, तिथे निवडणुका घेतल्या तर शांतता येते की आगीत तेल पडतं. मी नोकरीनिमित्त चार वर्षं कोलंबोत राहिलो, त्यामुळे श्रीलंकेचंच उदाहरण घेतो. माझ्या मते सगळं एका गोष्टीवर ठरतं: निवडून यायला उमेदवाराला कोणाकोणाच्या दारात जावं लागतं?

श्रीलंकेत लोकशाही कालपरवाची नाही. सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला 1931 मध्ये, म्हणजे आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वीस वर्षं आधी. पण 1948 मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि वर्षभरात चहाच्या मळ्यांवर राबणाऱ्या भारतीय वंशाच्या लाखो तमिळांचं नागरिकत्व आणि त्यापाठोपाठ मतही गेलं. 1947 च्या निवडणुकीत त्यांनी आपले खासदार निवडून आणले होते. आता त्या डोंगराळ भागात त्यांच्याकडे मत मागायला जायचं कोणाला कारणच उरलं नाही. माझ्या लेखी यादवीचं बी इथे पडलं, पहिली गोळी सुटायच्या कितीतरी आधी.

मग आली 1956 ची निवडणूक. विरोधी आघाडीचे नेते एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, ख्रिस्ती घरात वाढलेले. प्रचारात त्यांनी वचन दिलं की सत्तेवर आलो की चोवीस तासांत सिंहली ही एकमेव राजभाषा करतो. सत्ताधारी युनायटेड नॅशनल पार्टीनेही (यूएनपी) घाईघाईने भूमिका बदलून तेच वचन दिलं. लिलावात बोली चढते तसं झालं. दोन्ही पक्षांना एकाच, म्हणजे बहुसंख्य सिंहली समाजाची मतं हवी होती आणि किंमत दुसऱ्याने मोजायची होती. बंडारनायकेंच्या आघाडीला मतं साधारण 40 टक्के पडली, पण 95 पैकी 51 जागा मिळाल्या. यूएनपी 8 वर आली. जूनमध्ये कायदा झाला आणि कोलंबोत गॉल फेसच्या मैदानावर सत्याग्रहाला बसलेल्या तमिळ नेत्यांना जमावाने मारहाण केली.

त्या काळातली एक गोष्ट ऐकली तेव्हा मी हादरलो. गाड्यांच्या नंबरप्लेटवर सिंहली लिपीतलं 'श्री' हे अक्षर सक्तीचं झालं. तमिळ भागात लोक त्या अक्षरावर डांबर फासू लागले, तर दक्षिणेत जमावांनी तमिळ पाट्यांना डांबर फासलं. आपण पत्राच्या माथ्यावर जे लिहितो, लग्नपत्रिकेवर ज्याने सुरुवात करतो, तेच हे अक्षर. त्यावरून माणसं रस्त्यावर उतरली.

बंडारनायकेंना चूक उमगली नव्हती असं नाही. 1957 मध्ये त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला: तमिळ भाषेला मान्यता आणि प्रादेशिक परिषदा. लगेच विरोधी पक्षाचे जे. आर. जयवर्धने कराराविरुद्ध कँडीकडे पदयात्रेला निघाले. एप्रिल 1958 मध्ये बौद्ध भिक्खू पंतप्रधानांच्या घरासमोर ठाण मांडून बसले आणि करार मोडल्याचं लेखी घेऊनच उठले. पुढच्याच महिन्यात भीषण दंगली झाल्या. 1965 मध्ये यूएनपीने चेल्वनायकम यांच्याशी तसाच करार केला, तेव्हा विरोध करायची पाळी बंडारनायकेंच्या पक्षाची होती. सत्तेत असताना ज्याला तडजोड पटते, तोच विरोधात बसला की ती मोडायला निघतो, कारण तमिळांना काही दिलं तर त्याला मतपेटीत फायदा दिसत नाही.

पण निवडणुका नसत्या तर बरं झालं असतं, हा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. 1977 मध्ये तमिळांच्या टीयूएलएफ या पक्षाने स्वतंत्र राज्याच्या मागणीवर 18 जागा जिंकल्या आणि अमृतलिंगम चक्क विरोधी पक्षनेते झाले. म्हणजे तोवर लढाई संसदेत होती. मग 1981 मध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुकीच्या तोंडावर उत्तरेतल्या तमिळबहुल जाफनाचं ग्रंथालय जाळलं गेलं, 97 हजार पुस्तकं आणि हस्तलिखितांसकट. डिसेंबर 1982 मध्ये, आता अध्यक्ष झालेल्या जयवर्धनेंनी संसदेची निवडणूकच टाळली आणि सार्वमत घेऊन तिची मुदत सहा वर्षांनी वाढवली. जुलै 1983 च्या तमिळांच्या हत्याकांडानंतर घटनादुरुस्ती करून फुटीरतेविरुद्ध शपथ सक्तीची केली. टीयूएलएफच्या खासदारांनी ती घेतली नाही आणि त्यांची पदं गेली. संसदेचं दार असं बंद झालं, तमिळ तरुण बंदूकवाल्यांकडे वळले आणि यादवी पेटली. त्याच बंदूकवाल्यांनी, म्हणजे लिट्टे या सशस्त्र तमिळ संघटनेने, 1989 मध्ये अमृतलिंगमना मारलं.

माझी एक सहकारी जाफनाची. तिने 17 नोव्हेंबर 2005 चा दिवस सांगितला होता. अध्यक्षपदाची निवडणूक. वडिलांनी सकाळी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला, मतदार क्रमांकाची चिठ्ठी खिशात ठेवली आणि ओसरीवर बसले. लिट्टेच्या बाजूने बहिष्काराचं फर्मान होतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुपारी चारला मतदान संपलं तेव्हा त्यांनी शर्ट काढून परत खुंटीला लावला. त्या दिवशी जाफना जिल्ह्यात जेमतेम एक टक्का मतदान झालं. महिंदा राजपक्षे रनिल विक्रमसिंघेंपेक्षा 1 लाख 80 हजारांच्या आसपास जास्त मतं मिळवून निवडून आले. 1978 च्या घटनेत अध्यक्ष थेट निवडला जातो, त्याला निम्म्याहून जास्त मतं लागतात, म्हणून अटीतटीच्या लढतीत तमिळ मतांना मोल येतं. ते मोल लिट्टेने स्वतःच्याच लोकांच्या हातून हिसकावून घेतलं. पुढच्याच वर्षी युद्ध पुन्हा पेटलं, ते मे 2009 मध्ये हजारो सामान्य माणसांचे बळी घेऊन संपलं.

म्हणून तुमच्या प्रश्नातल्या देशाबद्दल तारखेच्या आधी मी मतदारयाद्या पाहीन, मतदारसंघ कसे आखलेत ते पाहीन. बहुसंख्य समाजाच्या जोरावरच सत्ता मिळत असेल तर बोली चढणार.

आणि निवडणुकीनंतर स्थानिक कारभार कोणाच्या हाती राहतो तेही. श्रीलंकेत युद्धानंतर उत्तर प्रांत परिषदेची निवडणूक सप्टेंबर 2013 मध्ये झाली. तमिळ पक्षांनी ती मोठ्या फरकाने जिंकली आणि त्या वेळी सहकारीचे वडील मत देऊन आले. परिषदेची मुदत 2018 मध्ये संपली. 2024 संपलं तरी पुढची निवडणूक झालेली नव्हती. फोनवर बोलणं झालं की ती सांगते, बाबा अजून तारीख विचारतात.