स्टॉकहोमचा पहिला हिवाळा: आधी उजेड, मग छंद

तुझा प्रश्न दोनदा वाचला. सप्टेंबरात नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून स्टॉकहोमला आलीस. तो दिवसभर ऑफिसात आणि तू घरी एकटी. नोव्हेंबर लागल्यापासून सकाळी उठवत नाही, दुपारी तीनला खिडकीबाहेर अंधारून आलेलं पाहिलं की मन बसतं, हौसेने आणलेलं चित्रकलेचं सामान अजून खोक्यातच आहे. हिवाळा निभावायला कोणते छंद धरावेत, कोणत्या सवयी लावाव्यात, असं विचारलंयस. मी इथे बरीच वर्षं आहे, दोन्ही मुलं इथेच वाढवली, म्हणून सविस्तरच लिहिते. वयाने लहान असशील असं धरून अगं-तुगं करतेय.

सगळ्यात आधी एक सांगते. तू आळशी झालेली नाहीस. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा असतो. स्टॉकहोम ५९ अंश उत्तरेला आहे. इथे २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य पावणेनऊला उगवतो, तीन वाजायच्या आत मावळतो आणि मधल्या सहा तासांत इमारतींच्या वरही नीट येत नाही. त्यात नोव्हेंबर म्हणजे ढगांचा महिना. बर्फ पडला की निदान जमीन उजळते, पण तो अजून पडलेला नसतो. आपल्या शरीराचं घड्याळ सकाळी डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं. तो उजेड मिळाला की मेंदूला दिवस सुरू झाल्याची वर्दी जाते आणि झोपेचं संप्रेरक, मेलॅटोनिन, ओसरतं. वर्दीच मिळाली नाही तर दिवसभर पेंग येते आणि रात्री झोप लागत नाही. हिवाळ्यातल्या या उदासीचं वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात तिला स्वतंत्र नाव आहे, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर.

म्हणून मी छंदाला दुसरा नंबर देते. पहिला उजेडाचा.

रोज अकरा ते एकच्या दरम्यान निदान अर्धा-पाऊण तास बाहेर पड. ऊन असो, नसो. ढगाळ दुपारी आकाश कितीही मळकट दिसलं तरी बाहेर हजारभर लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड सहज असतो. घरातल्या दिव्याखाली जेमतेम शे-दोनशे भरतो. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, शरीराला जाणवतो. ऑफिसात जाणारे लोक या वेळेसाठी धडपडतात, जेवणाच्या सुट्टीतला अर्धा वेळ चालण्यात घालवतात. तुझ्या हातात ही वेळ रोज आहे. या हिवाळ्यात तुझी तीच सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, ती घरकामात घालवू नकोस. कपडे, भांडी, स्वयंपाक अंधारातही होतात.

रस्ता शक्यतो पाण्याकडेचा निवड, तिथे आकाश मोकळं मिळतं. वाटेत एखादी बालवाडी लागली तर दोन मिनिटं थांबून बघ. तीन-चार वर्षांची पोरं रबरी विजारी घालून चिखलात बसलेली असतात, पाऊस असो की शून्याखाली पाच. वर्ष-दीड वर्षाची बाळं बाबागाडीत पांघरुणात गुंडाळून बाहेर अंगणात झोपवलेली असतात. सुरुवातीला पाहून पोटात गोळा येतो. पण या लोकांनी हिवाळ्याशी जमवून कसं घेतलंय, ते त्या अंगणात दिसतं: हवा बघून बाहेर जायचं की नाही ते ठरत नाही, काय घालायचं तेवढंच ठरतं.

कपड्यांचं थोडक्यात. अंगाला लागून सुती काही नको, घाम आला की सुती कपडा ओला राहतो आणि थंडी धरते. आत मरिनो लोकरीचं, वर फ्लीस किंवा जाड लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. पुण्याहून आणलेलं ते एक जाडजूड जॅकेट यापुढे फिकं पडतं. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, इथे त्यांना ब्रॉद्दार म्हणतात. बर्फ वितळून पुन्हा गोठला की ते हवेतच, मनगट मोडून बसलेली आपली कितीतरी माणसं मला माहीत आहेत. आणि जाकिटाला चमकणारा रिफ्लेक्स लाव, दोन्ही बाजूंना. अंधारात गाडीवाल्याला त्याविना तू पंचवीसेक मीटरवर आल्यावर दिसतेस, रिफ्लेक्स असेल तर सव्वाशे मीटरवरून.

उजेडाचा दिवा घ्यावा का, असं पुढेमागे विचारशीलच. घेऊन बघायला हरकत नाही. १०,००० लक्सचा हवा, उठल्या उठल्या अर्धा तास, सांगितलेल्या अंतरावर तिरका ठेवून समोर बसायचं. चहा घेता घेता होतं. संध्याकाळी लावलास तर झोप उडेल. डोळ्यांचा आजार असेल किंवा मनाच्या तीव्र चढउतारांचा त्रास कधी झाला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पण दिवा आणला म्हणून दुपारचं चालणं सोडायचं नाही.

ड जीवनसत्त्वाबद्दल जरा ठासून सांगते. ऑक्टोबर ते मार्च इथला सूर्य इतका खाली असतो की त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्याइतके अतिनील किरण पोचतच नाहीत. आपल्या सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही जास्त वेळ ऊन लागतं. इथल्या अन्न प्रशासनाची बहुतेक प्रौढांसाठी शिफारस रोज १० मायक्रोग्रॅमची, म्हणजे ४०० युनिटची. दुधात ते घातलेलं असतं, हेरिंग, सामन अशा तेलकट माशांत असतं. तू मासे खात नसशील तर रोजची साधी गोळी घे. मात्र भारतातून आणलेल्या साठ हजार युनिटच्या गोळ्या किंवा पुड्या आपल्या मनाने घेऊ नकोस. त्या तपासणीत कमतरता निघाल्यावर डॉक्टरांनी ठरवून द्यायच्या असतात. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि अती झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढून त्रास होतो.

आता छंद. तू लिहिलंयस, "मूड आला की रंग काढीन." नोव्हेंबर ते फेब्रुवारी मूड येत नाही, हे आताच मान्य करून टाक. इथे तगतात ते दोनच प्रकारचे छंद: ज्यांची वेळ उजेडाला बांधलेली असते आणि ज्यांचा वार दुसऱ्या माणसांना बांधलेला असतो.

तुझी चित्रकला पहिल्या प्रकारात बसते. चालून आलीस, जेवलीस, की खिडकीशी बस. सामान खोक्यातून काढून तिथे कायमचं मांडून ठेव, रोज काढा-ठेवायचं असलं की हात लागत नाही. दिवसाच्या उजेडात रंग खरे दिसतात, दिव्याखाली मिसळलेला हिरवा सकाळी भलताच निघतो. आणि विषय तर दारात आहे. पुण्यात सूर्य मावळला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधारतं. इथे तो तिरका, घसरत खाली जातो, त्यामुळे संधिप्रकाश जवळजवळ तास रेंगाळतो. डिसेंबरात बर्फ पडल्यानंतर तीन वाजता खिडकीबाहेर बघ. बर्फ पांढरा राहत नाही, निळा होतो. सावल्या त्याहून गडद निळ्या. आणि समोरच्या घरांच्या खिडक्यांत लावलेले नाताळचे दिवे पिवळेधमक. तासाभरात तो निळा दहा वेळा बदलतो. ज्या तीन वाजण्याची तुला धास्ती वाटते, तीच वेळ चित्रकाराला इथे सगळ्यात जास्त देते. रोज एक पोस्टकार्डाएवढा जलरंग कर, तेवढा पुरे.

दुसऱ्या प्रकारासाठी घराबाहेर पडावं लागेल. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात भाषा-कॅफे भरतो का ते विचार. आठवड्यातून एकदा तासभर स्वीडिश बोलायला बसतात, फुकट असतो, चुकलं तरी कुणी हसत नाही. पेर्सोननुम्मर, म्हणजे इथला व्यक्तिगत ओळख क्रमांक, मिळाला असेल तर एसएफआय, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीचा सरकारी स्वीडिश वर्ग, तोही मोफत आहे. शिवाय इथे एबीएफसारख्या लोकशिक्षण संस्था आहेत. एबीएफ १९१२ पासून चालू आहे. मातीची भांडी, विणकाम, समूहगान, सुतारकाम, कशाचेही वर्ग निघतात. समूहगानाचं इथे वेड आहे, गळा बेताचा असलेल्यांनाही घेणारे गट असतात. दहा माणसांच्या घोळक्यात तासभर गायल्यावर माणूस वेगळ्याच चेहऱ्याने घरी येतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

मी स्वतः विणकामाच्या गटात जाते. मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. बहुतेक जणी सत्तरीच्या पुढच्या. सुलट-उलट टाके मला आईने लहानपणी शिकवले होते, पण हातमोज्याचा अंगठा कसा काढायचा ते या बायकांकडून शिकले. अंगठ्याचे टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्यावर घेऊन ठेवायचे, पंजा पूर्ण विणायचा, मग परत येऊन ते टाके सुईवर चढवायचे आणि कडेचे दोन-तीन जास्तीचे उचलायचे, नाहीतर तिथे भोक राहतं. माझ्या शेजारच्या आजी काही न बोलता माझ्या हातातून सुया घेतात, चार टाके उसवतात, परत देतात. दोन तासांत फारसं बोलणं होत नाही. पण मी एखाद्या मंगळवारी गेले नाही तर त्यांतली एक जण निरोप पाठवून विचारते, बरी आहेस ना. परक्या गावात आपली कुणीतरी अशी वाट बघणं फार मोठी गोष्ट आहे. तुला सध्या त्याचीच सगळ्यात जास्त गरज आहे असं तुझं लिहिणं वाचून वाटलं.

अंग हलवायला: घरात सकाळी सूर्यनमस्कार घालच, त्याला जागा लागत नाही की पैसे. बाहेर जायचं तर बर्फावरचं स्केटिंग शीक. कुंगस्ट्रेगॉर्डेन बागेत शहराच्या मध्यावर हिवाळ्यात मोफत रिंक असते, स्केट्स भाड्याने मिळतात. त्याहून चांगली सोय म्हणजे फ्रीटीड्सबांकेन. खेळाचं साहित्य चौदा दिवस फुकट उसनं देणारी ही योजना २०१३ मध्ये वेर्मलांडमधल्या देये गावात सुरू झाली, आता देशभर आहे. स्केट्स, स्की, हेल्मेट सगळं घरी नेता येतं. तिथून स्केट्स घे, हेल्मेट नक्की घे, आणि सकाळच्या निवांत वेळी जा. पहिले काही दिवस कठड्याला धरूनच जातील. जानेवारी-फेब्रुवारीत तळी गोठली की लोक लांब पात्यांचे स्केट्स घालून मैलोन्‌मैल जातात. ते पाहून मोह होईल, पण पहिल्या वर्षी तळ्यावर एकटीने पाऊलही टाकू नकोस. कडक, स्वच्छ बर्फ निदान दहा सेंटिमीटर जाड लागतो, जाडी सगळीकडे सारखी नसते, आणि माहीतगार माणसंही गळ्यात बर्फात रुतवायचे टोचे अडकवून, सोबतीने जातात.

पोहता येत असेल तर एरिक्सडाल्सबाडेटसारखे तरणतलाव आहेत, तिथे सौनाही असतो. हाडात शिरलेली थंडी निघायला त्यासारखं काही नाही.

रोजच्या सवयींपैकी दोनच सांगते, बाकी तुझं तू बसवशील. दुपारी झोपायचं झालं तर वीस मिनिटं, गजर लावून आणि तीनच्या आत. आणि आईला फोन रात्री करत असशील तर तो सकाळवर आण. हिवाळ्यात आपण भारताच्या साडेचार तास मागे असतो. तुझे आठ म्हणजे तिचे साडेबारा, स्वयंपाक उरकून ती मोकळी झालेली असते. आई वाट बघतेय म्हटलं की अंथरूण सोडावंच लागतं. रात्रीच्या फोनवर मात्र बोलता बोलता रडू येतं आणि मग झोप जाते.

संक्रांतीला हळदीकुंकू कर. खरंच कर. नाताळची रोषणाई उतरल्यावरचा जानेवारी इथे सगळ्यात रिकामा वाटतो, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे संक्रांत ते रथसप्तमी असा मोठा काळ असतो. तीळ, गूळ भारतीय दुकानात मिळतात. मराठी मैत्रिणी चार असोत की दोन, समोरच्या दारच्या स्वीडिश बाईंनाही बोलव, इथले शेजारी आपणहून येत नाहीत पण बोलावलं की वेळेवर हजर होतात. रथसप्तमी येईपर्यंत दिवस रोज चार-पाच मिनिटांनी वाढत असतो, तो फरक आठवड्यागणिक दिसतो.

एक गोष्ट मात्र छंदांवर ढकलू नकोस. दोन आठवडे सलग कशातच मन लागलं नाही, भूक-झोप बिघडली, रडू आवरेना, तर ११७७ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरवर फोन कर, किंवा तुमच्या भागातल्या वोर्डसेंट्रालची, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राची, वेळ घे. इंग्रजीत बोललं तरी चालतं. रक्त तपासतील तेव्हा ड जीवनसत्त्वाबरोबर बी-१२, लोह आणि थायरॉइडबद्दलही विचार. आपल्याकडच्या शाकाहारी बायकांमध्ये बी-१२ आणि लोह कमी असणं नेहमीचं आहे आणि थकवा त्यानेही येतो. जीव नकोसा वाटण्याचे विचार आले तर थांबायचं नाही, नवऱ्याला लगेच सांगायचं आणि ११२ लावायचा.

वर्गांचं नवीन सत्र जानेवारीत सुरू होतं, पण नोंदणी आधीच उघडते आणि मातीकामाच्या जागा भराभर जातात. तेव्हा याच आठवड्यात बघ. कोणत्या भागात राहतेस ते लिही. दक्षिणेकडे असशील तर आमच्या मंगळवारच्या गटात ये, सुया आणि लोकर मी आणते.