दुसऱ्याच्या सेवेचं कौतुक झालं की मनात टोचतं, काय करू?

तुम्ही विचारलंय की, चर्चच्या मंडळीत तुमच्या बरोबरीच्या विश्वासी बहिणीची सेवा फळाला येते तेव्हा तोंडाने तुम्ही ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणता, पण मन लगेच तुलना करू लागतं, ते कसं थांबवायचं. मी या वाटेने गेलोय, म्हणून उत्तर देतो.

मी बरीच वर्षं तरुणांचा बायबल अभ्यास घेत होतो. मग माझ्याहून लहान एक भाऊ आला, संदेश देऊ लागला, आणि उपासना संपल्यावर लोक त्याच्याभोवती जमू लागले. मी वही-पेन घेऊन बसायचो आणि त्याच्या चुका टिपायचो. इथे संदर्भ सोडला, तिथे अर्थ ताणला. याला मी ‘वचनाची काळजी’ म्हणायचो. तो हेवा होता, हे कबूल करायला मला दीड वर्ष लागलं.

‘आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा’ या बायबलमधल्या रोम १२:१५ च्या वचनाचा पहिला भागच अवघड आहे. चौथ्या शतकातला ख्रिस्ती उपदेशक योहान क्रिसोस्तोम यानेही हेच ओळखलं होतं: दुसऱ्याच्या दुःखात डोळे आपसूक भरतात, पण त्याच्या सुखात हेवा न वाटायला मन फार मोठं लागतं. तेव्हा तुम्हाला हे जड जातं म्हणून तुमचा विश्वास खोटा ठरत नाही.

बायबलमधल्या शौल राजाचंच बघा. तरुण दाविदाने शत्रूचा धिप्पाड योद्धा गल्याथ पाडला, तो विजय शौलाच्याच राज्याचा होता. पण बायकांनी गाण्यात ‘शौलाने हजारो, दाविदाने लाखो’ असा हिशोब मांडला आणि स्वतःच्या विजयाचा आनंदही त्याच्या हातून गेला. त्याच अध्यायात त्याचा मुलगा योनाथान आपला झगा, तलवार, धनुष्य काढून दाविदाला देतो. गादी गेली तर खरं नुकसान योनाथानाचं होतं!

मला स्वतःला मात्र सावरलं ते पहिल्या ख्रिस्ती मंडळीतल्या बर्णबाने. अंत्युखिया शहरातली मंडळी वाढत होती, तिथे त्याचा मान होता. तरी तो उठून तार्सला गेला, शौलाला (हा तो राजा नव्हे), म्हणजे पुढच्या प्रेषित पौलाला, शोधून घेऊन आला. आपल्यापेक्षा पुढे जाऊ शकेल असा माणूस त्याने स्वतः आणला. प्रेषितांची कृत्ये १३ सावकाश वाचा. सुरुवातीला नावं ‘बर्णबा व शौल’ अशी येतात, अध्याय संपता संपता ‘पौल व बर्णबा’ होतात. यावर बर्णबाने कुरकूर केल्याची एक ओळ नाही. पुढे दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, पण ते मार्क नावाच्या सोबत्याला प्रवासात बरोबर न्यावं की नाही यावरून. तिथेही बर्णबा दुसऱ्या कुणाला तरी संधी देण्यासाठीच अडून बसला होता.

आनंद वाटेल तेव्हा कौतुक करू, असं ठरवलंत तर तो दिवस उजाडणार नाही. मी आधी देवासमोर नेमकं सांगितलं: ‘लोक त्याला विचारतात, मला विचारत नाहीत, म्हणून मला त्याचा हेवा वाटतो.’ ‘माझ्या उणिवांची क्षमा कर’ अशा गुळमुळीत प्रार्थनेने माझं काहीच हललं नव्हतं. मग ज्या गोष्टीचा हेवा, तीच गोष्ट त्याच्यासाठी रोज मागितली: प्रभू, त्याचं ऐकणारे वाढव. पहिले काही आठवडे शब्द कोरडे होते. तरी मागत राहिलो. तिसरं म्हणजे, त्याच्या संदेशातलं जे वाक्य मला खरंच लागलं ते मी त्याला जाऊन सांगितलं. नुसतं ‘छान झालं’ म्हणालो नाही, कारण त्यामागे हेवा सहज लपतो.

एक धोका सांगून ठेवतो. या काळात मी अभ्यासवर्ग सोडायच्या बेतात होतो आणि त्याला नम्रता समजत होतो. पेत्राने दुसऱ्या शिष्याकडे पाहून ‘याचं काय?’ विचारलं तेव्हा येशू म्हणाला, ‘त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये.’ मी वर्ग सोडला नाही. तुम्हीही तुमची सेवा सोडू नका, आणि आज रात्रीच्या प्रार्थनेत त्या बहिणीचं नाव घ्या, कोरडं वाटलं तरी.