किल्ल्याचा शब्दखेळ: पहिला गेम किती मोठा असावा?

प्रश्न: मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. युट्यूबवर बघून पायथन शिकले. कोकणातल्या एका काल्पनिक जलदुर्गावर मराठी टेक्स्ट ॲडव्हेंचर गेम करायला घेतला. खेळणाऱ्याने 'किल्ली उचल', 'उत्तरेला जा' असं टाइप करायचं आणि गोष्ट पुढे सरकायची. तीस खोल्यांचा नकाशा काढलाय, पण आठव्या खोलीपर्यंत सातशे ओळींचं इफ-एल्स ('असं असेल तर हे, नाहीतर ते') झालंय आणि एक जागा दुरुस्त केली की दुसरी मोडते. मित्र म्हणतात, असले गेम आता कोण खेळतं, युनिटी (चित्रांचे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) शीक. घरचे म्हणतात, याने नोकरी मिळणार आहे का? मी काय करू?

उत्तर: गेम सोडू नकोस, तीस खोल्या मात्र सोड. सहा पुरेत. अर्धवट राहिलेल्या तीस खोल्या कुणालाच दाखवता येत नाहीत. सहा खोल्यांचा गेम मात्र कुणीही वीस मिनिटांत शेवटपर्यंत खेळून बघतो.

युनिटी वाईट नाही, पण आता त्याच्या मागे लागलीस तर चित्रं, ॲनिमेशन आणि आवाज जमवण्यातच वेळ जाईल. तू अडली आहेस ती जागा वेगळी आहे. खेळाची माहिती आणि खेळ चालवणारा कोड एकमेकांत गुंतलेत, आणि हा गुंता तुझ्यासोबत युनिटीतही येईल.

हा प्रश्न जुना आहे. १९७६ च्या सुमारास विल क्राउदर या अमेरिकी प्रोग्रामरने केंटकीतल्या मॅमथ केव्हमधल्या आपल्या भटकंतीवरून फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत गुहेचा खेळ लिहिला. तोही हौस म्हणूनच. पुढच्या वर्षी स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्याची परवानगी घेऊन तो वाढवला. १९७८ मध्ये स्कॉट ॲडम्सने अशा जातीचा खेळ टीआरएस-८० या घरगुती संगणकावर आणला. मेमरी फक्त १६ किलोबाइट. त्याने खेळ चालवणारा प्रोग्राम एकीकडे ठेवला आणि खोल्या, वस्तू, संदेश यांचे तक्ते दुसरीकडे. पुढचा खेळ करताना तक्ते बदलले की काम झालं. तुझ्या सातशे ओळींवर उपाय हाच आहे.

आधी कागद. गोष्ट शेवटाकडून मागे लिहीत ये. समजा, भरती यायच्या आत चोरदरवाजातून बाहेर पडायचं आहे. दाराला कुलूप, म्हणजे किल्ली हवी. किल्ली दारूकोठारात, पण तिथे मिट्ट काळोख. मशाल पेटवून आत गेलं तर दारू उडेल, म्हणून उजेड वरून आणायचा: बुरुजावरच्या झरोक्याची झडप उघडायची. झडप गंजून अडकली आहे, तिला पहार हवी. पहार टाक्याच्या काठावर पडली आहे. झालं. महादरवाजा, देवडी, टाकं, बुरूज, कोठार, चोरदरवाजा या सहा जागा. मशाल, चकमक, पहार, किल्ली आणि चकवायला एक घागर या पाच वस्तू. कोडी दोनच, पण एकात एक अडकलेली.

ही साखळी लिहिली की दोन दोष तिथेच सापडतात. एक म्हणजे कुलपाची किल्ली त्याच कुलपाच्या आत राहून जाणं. हसू नकोस, नवख्यांच्या खेळात हे हमखास होतं. दुसरा म्हणजे एखादी वस्तू परत मिळणार नाही अशा ठिकाणी पडू देणं. खेळणाऱ्याने पहार टाक्याच्या पाण्यात टाकली तर खेळ तिथेच संपतो आणि त्याला ते कळतही नाही. तसं होऊ द्यायचं नसेल तर 'पहार बुडाली तर वर काढता येणार नाही' असं सांगून ती हातातच ठेव. पेटती मशाल घेऊन कोठाराच्या दाराशी आलेल्यालाही उंबऱ्यावर दारूचा वास येऊ दे. इशारा न देता मारणारे खेळ पूर्वी खूप निघाले, पण आजचा खेळणारा पहिल्याच मरणाला खिडकी बंद करतो.

आता कोड. प्रत्येक खोलीची एक डिक्शनरी (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा पायथनचा तक्ता): नाव, वर्णन, वाटा. प्रत्येक वस्तूची एक: तिची नावं, वर्णन, उचलता येते का, आणि ती आत्ता कुठे आहे. ही 'कुठे' एकाच ठिकाणी लिही, वस्तूपाशी. खोलीतही वस्तूंची यादी ठेवलीस तर कधीतरी एक बदलशील, दुसरी राहील, आणि किल्ली हातातही दिसेल, जमिनीवरही. खेळणाऱ्याचा हात हीसुद्धा एक जागाच मान, म्हणजे उचलणं म्हणजे 'कुठे'ची किंमत बदलणं एवढंच उरतं. झडप उघडी आहे का, मशाल पेटली आहे का, अशा हो-नाही गोष्टी वेगळ्या डिक्शनरीत ठेव. खेळ सेव्ह करताना फक्त बदलणाऱ्या गोष्टी जेसन फाइलमध्ये (माहिती साठवायच्या साध्या मजकुरी फाइलमध्ये) जाव्यात, वर्णनं नकोत. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे असं दर वेळी लिही. विंडोजवर ते राहिलं तर एरर येते किंवा मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो.

खरी मजा आणि खरी डोकेदुखी मराठी आज्ञा समजून घेण्यात आहे. इंग्रजी खेळांचा पार्सर, म्हणजे टाइप केलेली आज्ञा उलगडणारा कोड, पहिला शब्द क्रियापद धरतो. आपल्याकडे ते शेवटी येतं, त्यामुळे शेवटचा शब्द आधी बघ. त्यातही 'चालू कर', 'बंद कर', 'बाहेर पड' अशी दोन शब्दांची क्रियापदं असतात, म्हणून शेवटचे दोन शब्द आधी तपास, मग एक. 'उचलतो', 'उचलते', 'उचलायची आहे' हे सगळं समजून घ्यायला जाऊ नकोस. आज्ञार्थीच लिहायचं हे सुरुवातीलाच सांग. 'पाहा', 'पहा' आणि 'बघ' मात्र तिन्ही घे.

क्रियापद शोधताना 'हा शब्द वाक्यात कुठेतरी आहे का' अशी तपासणी करू नकोस. 'टाक' म्हणजे वस्तू खाली टाकणं, असं तू ठरवलं आहेस. खेळणारा लिहितो 'टाक्याकडे जा', आणि 'टाक' ही अक्षरं 'टाक्याकडे'मध्ये जशीच्या तशी आहेत. पहार हातून खाली पडते आणि तू दोन तास चूक शोधत बसतेस. वाक्य स्प्लिट करून, म्हणजे शब्दाशब्दात तोडून, अख्खा शब्द अख्ख्या शब्दाशीच जुळव.

मग विभक्ती. 'पहारीने झडप उघड' या वाक्यात पहार ओळखायची तर 'ने' काढावा लागतो, आणि उरतं 'पहारी', 'पहार' नव्हे. 'बुरूज'चा तर 'बुरुजावर' होताना दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. व्याकरणाचा प्रोग्राम लिहिण्याची गरज नाही. पाच वस्तू आणि सहा जागांची सामान्यरूपं हाताने लिहायला दहा मिनिटं लागतात: पहार-पहारी, मशाल-मशाली, घागर-घागरी, टाकं-टाक्या, बुरूज-बुरुजा. प्रत्यय काढण्याआधी अख्खा शब्द यादीत आहे का ते बघ. नाहीतर 'किल्ला' शब्दाच्या शेवटी 'ला' दिसतो, तो प्रत्यय समजून कापला जातो आणि हाती अर्धवट 'किल्' राहतो. 'भिंत'मधला 'त' असाच कापला जातो. प्रत्ययांची यादी लांबाकडून आखूडाकडे लाव: 'वरची' आधी, 'ची' नंतर. उलट केलंस तर 'बुरुजावरची'मधून फक्त 'ची' जाईल आणि 'बुरुजावर' कुठेच जुळणार नाही.

याहून चिवट चूक डोळ्यांना दिसतच नाही. 'पायऱ्या' हा शब्द कीबोर्डप्रमाणे वेगवेगळ्या कोडांत साठवला जातो. कुणाचा 'ऱ' एकच चिन्ह असतो, कुणाचा 'र' आणि खाली नुक्ता, तर कुणी 'र', हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह असं टाइप करतो. पडद्यावर तिन्ही सारखेच, पण पायथनला तीन वेगळे शब्द. इनपुट आल्याबरोबर युनिकोडडेटा मॉड्यूलने एनएफसी या एका ठरावीक रूपात आण. त्याने पहिले दोन एक होतात. तिसऱ्यासाठी त्या तिन्ही चिन्हांच्या जागी हलंत 'ऱ' घालायची एक ओळ वेगळी लिही, आणि मगच उरलेली अदृश्य जोडचिन्हं काढ. शब्द वेगळे करायला रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीतलं) 'शब्दातलं अक्षर' हे चिन्ह वापरू नकोस. पायथनचं नेहमीचं मॉड्यूल काना, वेलांटी, हलंत यांना अक्षर मानत नाही, त्यामुळे 'किल्ली'चे तुकडे होतात. लांबी विचारलीस तर 'किल्ली' सहा भरते, तेही याच हिशेबाने. रिकाम्या जागेवर साधं स्प्लिट केलेलं बरं.

मराठी कीबोर्ड नसलेले पुष्कळ भेटतील. वस्तूच्या नावांच्या यादीत रोमन स्पेलिंगही घाल, आणि दिशांना 'उ', 'द', 'पू', 'प' अशी आखूड रूपं दे. टर्मिनलची (आज्ञा टाइप करायची) खिडकी जोडाक्षरं नीट दाखवते का ते पहिल्याच दिवशी बघ. मोडून दाखवत असेल तर खेळ ब्राउझरच्या पानावर न्यावा लागेल. माहिती आणि कोड वेगळे असतील तर ते जड जात नाही.

चूक झाल्यावर खेळ काय बोलतो, यावर तो आवडेल की नाही ते बरंचसं ठरतं. 'समजलं नाही' हे एकच उत्तर सगळ्याला देऊ नकोस. असं असावं:

> घागर फोड
घागर फुटेल, पण आत काही नाही. हलवून बघितलं तरी कळतं.
> खंजीर उचल
इथे खंजीर नाही.
> झडप ढोसक
'ढोसक' हा शब्द या खेळाला कळत नाही. 'उघड' किंवा 'ओढ' करून बघ.

वर्णनात ज्या वस्तूचं नाव घेशील ती 'पाहा' म्हटल्यावर काहीतरी सांगितलंच पाहिजे. 'भिंतीवर शिलालेख आहे' असं लिहून 'शिलालेख पाहा'ला 'इथे तसं काही नाही' म्हणणारा खेळ लोकांना लगेच कळतो, आणि मग ते बाकीच्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

जिंकायच्या सगळ्या आज्ञा क्रमाने एका फाइलमध्ये लिही आणि कोडमध्ये काहीही बदललंस की ती फाइल खेळावर चालव. शेवटी दार उघडलं नाही तर काय मोडलं ते त्याच क्षणी कळतं. मग चार-पाच जणांना खेळायला बसव आणि शेजारी बसून गप्प राहा. 'अगं, इथे पहार घ्यायची' हे वाक्य तोंडाशी येईल, ते गिळ. प्रत्येक आज्ञा फाइलमध्ये उतरत राहील अशी सोय कर आणि रात्री न कळलेले शब्द वाच. पुढच्या आठवड्याचं काम त्यातूनच निघतं.

याऐवजी तयार साधन घ्यावं का? इंग्रजी खेळ करायचा असता तर ग्रॅहम नेल्सनचं इन्फॉर्म सुचवलं असतं. १९९३ पासून ते चालत आलं आहे, आणि वर्षानुवर्षं लोकांनी घासून पुसून बरा केलेला पार्सर त्यात मिळतो. पण त्याचा पाया इंग्रजी व्याकरणाचा, मराठी त्यावर बसवणं हेच मोठं प्रकरण होईल. टाइप करण्याऐवजी पर्याय निवडायचा खेळ चालत असेल तर ट्वाइन घे. मराठी सहज चालतं, कोड जवळजवळ लागत नाही आणि पान थेट ब्राउझरात उघडतं. पण तुला प्रोग्रामिंगच शिकायचं आहे, म्हणून मी पायथनकडेच झुकेन.

घरच्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: या खेळामुळे कुणी नोकरी देणार नाही. मुलाखतीत मात्र बोलायला खरं काहीतरी मिळेल. बहुतेकांच्या रेझ्युमेत तेच ते लायब्ररी मॅनेजमेंटचं प्रोजेक्ट असतं आणि 'हे असंच का केलं' विचारलं की गाडी अडते. तुझ्याकडे इफ-एल्स टाकून तक्ते का केले, 'टाक' आणि 'टाक्याकडे' कसे वेगळे केले, पायऱ्यांचे तीन कोड कसे एक केले, याची उत्तरं असतील. ती टेस्टिंगच्या, पायथनच्या आणि भारतीय भाषांवर काम करणाऱ्या ठिकाणी कामाला येतात. कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेव, रोज थोडं थोडं कमिट कर (बदल नोंदव), आणि खेळ कसा चालवायचा ते रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये मराठीत व इंग्रजीत लिही. रेझ्युमेत एकच ओळ पुरे. फक्त गेमसाठी गोष्टी लिहिण्याच्या नोकऱ्या आपल्याकडे मोजक्या आहेत, त्यावर वर्षाची पैज लावू नकोस.

भौतिकशास्त्रानंतर याच वाटेने जायचं ठरलं तर राज्य सीईटी कक्षाची एमसीए (संगणकातली पदव्युत्तर पदवी) प्रवेश परीक्षा हा एक रस्ता आहे. गणिताची अट त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचून घे. तोवर पदवीचे गुणही सांभाळ, पात्रतेसाठी तेही बघतात.

वेळेचं असं बसव: आठवड्याला पाच-सहा तास, चार आठवडे. पहिल्यात कागद आणि खोल्यांतून नुसतं फिरणं, दुसऱ्यात वस्तू उचलणं-ठेवणं, तिसऱ्यात कोडी आणि विभक्ती, चौथ्यात दुसऱ्यांकडून खेळवणं. सेमिस्टरची परीक्षा मध्ये आली आणि तिसरा आठवडा हुकला तर बुरूज आणि कोठार गाळ, किल्ली घागरीत लपव, आणि चार खोल्यांचाच खेळ लोकांना दे. पहार आणि झडप दुसऱ्या आवृत्तीत येतील.